चेल्टनहॅमच्या शर्यती आणि पैजेचे गणित



कामगार चळवळीत आयुष्य घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत घोड्यांच्या शर्यतीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कष्टकऱ्याचा पगार ज्या वाटेने घरी पोचण्याआधीच निघून जातो, ती वाट कशी बांधली आहे हे समजून घेणे आमच्या कामातच मोडते. आमचे शिक्षण फारसे नाही. गणित आम्ही शिकलो ते नगावारी मजुरीचे दर तपासताना आणि बोनसच्या वाटाघाटीत मालकांचे ताळेबंद वाचताना. त्याच गणिताच्या आधारे आज ‘शर्यतीत पैज लावण्याची एखादी हमखास पद्धत असते काय?’ या प्रश्नाचा विचार करू. हा प्रश्न आम्हाला संघटनेच्या कचेरीत अनेकांनी विचारला आहे, आणि विचारणाऱ्यांत अडाणी माणसे थोडी, हुशारच जास्त.

उदाहरण म्हणून आम्ही इंग्लंडमधला चेल्टनहॅमचा मेळा घेतला आहे. तेथे हा व्यवहार उघडपणे व कायद्याने चालतो, भाव छापून येतात, निकालांची नोंद राहते. सबब हिशेब तपासता येतो. शिवाय मार्च महिन्यातील या मेळ्याच्या सुमारास नाना तऱ्हेच्या ‘सिस्टिम’ सांगणाऱ्यांना ऊत येतो. एका ठिकाणी इतका मासला क्वचितच मिळेल.

प्रथम जागा समजून घेऊ. ग्लॉस्टरशायर परगण्यात क्लीव्ह हिल नावाच्या टेकडीखाली हे मैदान आहे. महालक्ष्मीला किंवा पुण्याला आपण पाहतो त्या सपाट शर्यती. येथे घोड्यांना अडथळे ओलांडावे लागतात. हलक्या अडथळ्यांची ती हर्डलची शर्यत आणि उंच, घट्ट कुंपणांची ती चेस. मैदान चढउताराचे आहे आणि शेवटची धाव चढणीची. सर्वात मानाची शर्यत गोल्ड कप. अडथळ्यांची शर्यत म्हणून ती १९२४ मध्ये सुरू झाली. अंतर सव्वातीन मैलांहून थोडे अधिक, कुंपणे २२. हर्डलमधली मानाची शर्यत चॅम्पियन हर्डल, ती १९२७ पासूनची. २००५ पासून मेळा चार दिवसांचा झाला. अलीकडे दररोज सात याप्रमाणे एकूण २८ शर्यती होतात.

आता भाव म्हणजे काय ते पाहू. एखाद्या घोड्याचा भाव ‘एकास पाच’ असा असेल, तर एक पौंड लावून घोडा जिंकल्यास पाच पौंड नफा आणि लावलेला पौंड परत, असे सहा पौंड हातात येतात. म्हणजे हा घोडा सहा वेळांत एकदा जिंकेल असे तो भाव सांगतो. शेकड्यात मांडले तर जवळजवळ १७. एकास दोन या भावाचा अर्थ शेकडा ३३, एकास तीनचा शेकडा २५. भाव वाचण्याची ही रीत एकदा अंगवळणी पडली की बाकीचे सारे सोपे होते.

समजा, एका शर्यतीत आठ घोडे आहेत. बुकीने त्यांचे भाव अनुक्रमे एकास २, ३, ५, ६, ८, १२, १६ आणि ३३ असे लावले आहेत. प्रत्येकाचा शेकडा काढा : ३३, २५, १७, १४, ११, ८, ६ आणि ३. बेरीज करा, ११७ येते. जिंकणारा घोडा तर एकच, म्हणून खऱ्या शक्यतांची बेरीज १०० पेक्षा जास्त होऊच शकत नाही. वरचे १७ कोठून आले? तो बुकीचा मुशारा. आठही घोड्यांवर या प्रमाणात पैसे आले, तर ११७ पौंड गोळा करून तो १०० वाटतो व १७ ठेवतो. लावणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर दर शंभर पौंडांतले साडेचौदा शर्यत सुटण्यापूर्वीच गेले. आपल्याकडे वर्षभर राबलेल्या कामगाराला कायद्याने मिळणारा किमान बोनस ८.३३ टक्के. येथे एका शर्यतीची कपात त्याच्या पावणेदोन पट! कपातीचा आकडा शर्यतीगणिक बदलतो. चेल्टनहॅमला बुकींची आपसात चढाओढ असते, त्यामुळे तो पुष्कळदा उतरतोही. पण तो शून्यावर येत नाही. टोटमध्ये तर लपवाछपवीच नाही. साऱ्यांचे पैसे एकत्र करून त्यातील ठरावीक हिस्सा आधी काढून घ्यायचा आणि उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे, हीच त्याची रीत.

हे ध्यानात ठेवून आता एकेका पद्धतीकडे वळू.

पहिली पद्धत, डोळे मिटून फेव्हरिटवर लावण्याची. ज्याचा भाव सर्वांत कमी तो फेव्हरिट, आणि मोठ्या हिशेबात फेव्हरिट साधारण तीनांत एकदा जिंकतो. म्हणजे पद्धतीत अर्थ नाही असे नव्हे. परंतु तो जिंकण्याचा संभव सर्वांनाच ठाऊक असतो व तो भावात आधीच उतरलेला असतो. १९६६ मध्ये आर्कल हा आयरिश घोडा सलग तिसऱ्यांदा गोल्ड कप जिंकला, तेव्हा त्याचा भाव दहास एक होता. दहा पौंड लावावे तेव्हा एक मिळायचा. घोडा महान होता, पण मिळकत पाहा. उलट २०२५ ची चॅम्पियन हर्डल घ्या. कॉन्स्टिट्यूशन हिल हा फेव्हरिट, भाव दोनास एक. तो मध्येच पडला. मग आघाडीवर असलेला स्टेट मॅन शेवटच्या अडथळ्याशी पडला, आणि एकास पंचवीस भावाची गोल्डन एस ही घोडी जिंकली. सपाट शर्यतीत घोडा हरतो. अडथळ्यांच्या शर्यतीत तो हरतो किंवा पडतोही. ‘हा हरणेच शक्य नाही’ हे वाक्य चेल्टनहॅमला जितके महाग पडते तितके क्वचितच दुसरीकडे पडत असेल.

दुसरी पद्धत याच्या उलट, लांबच्या भावाच्या घोड्यावर थोडे थोडे लावण्याची. हिला आधार लोकांच्या आठवणींचा. १९९० मध्ये वेल्समधील सिरेल ग्रिफिथ्स या गवळीधंदा करणाऱ्या शेतकऱ्याचा नॉर्टन्स कॉइन हा घोडा एकास शंभर भावाने गोल्ड कप जिंकला. २०२५ मध्ये ट्रायम्फ हर्डल जिंकणाऱ्या पोनिरॉसचा भावही एकास शंभरच, आणि अडथळ्यांवर तो त्या दिवशी पहिल्यांदाच धावत होता. अशा गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्याच भावाने धावून हरलेल्या घोड्यांची मात्र कोणी गोष्ट सांगत नाही. एकास शंभर भावाचा घोडा खरोखर दोनशेत एकदा जिंकणारा असेल, तर लावलेल्या पैशातले निम्मेच परत येतील. ग्रिफिथ नावाच्याच, पण निराळ्या, एका अमेरिकन अभ्यासकाने १९४९ साली शर्यतींचे निकाल तपासून दाखवले की, लोक लांबच्या घोड्यांना त्यांच्या लायकीपेक्षा जास्त मोल देतात. पुढच्या पुष्कळ अभ्यासांत हेच आढळले. तात्पर्य, फेव्हरिटवर अंदाधुंद लावणारा हळू बुडतो आणि लांबच्यावर अंदाधुंद लावणारा लवकर.

तिसरी पद्धत दुपटीची. हरलात की पुढच्या वेळी दुप्पट लावा. केव्हातरी जिंकालच आणि सारे भरून निघेल! ऐकायला बिनतोड वाटते. दहा पौंडांपासून आरंभ करा : १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. एका दिवसाच्या सातही शर्यती हरल्या तर १२७० पौंड गेले, आणि आठव्या डावाला १२८० पाहिजेत. तीनांत एकदा जिंकणारा घोडा सातही वेळा हरण्याचा संभव सतरांत एक निघतो. म्हणजे सोळा दिवस चार पैसे खिशात पडतील आणि सतराव्या दिवशी खिसाच जाईल. भाव अगदी रास्त असते तर सोळा दिवसांचा नफा आणि त्या एका दिवसाचा तोटा यांची बरोबर तोंडमिळवणी झाली असती. भावात कपात असल्यामुळे शेवटी तोटाच उरतो. डावाची रक्कम कमीजास्त करून वाईट भाव चांगला होत नाही. मजुरीचा दर कमी असेल तर कामाचे तास वाढवून शोषण संपत नाही, ते वाढतेच. त्यातलाच हा प्रकार.

चौथी पद्धत साखळी डावाची. चार शर्यतींतील चार घोडे निवडायचे. एकाची मिळकत दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. चारही जिंकले तर थोड्या पैशांत डोंगर हाती येतो. येथेही कपात पाहा. प्रत्येक भावात शेकडा दहाच कपात धरली, तरी चार कड्यांनंतर शंभराचे ६६ उरतात, म्हणजे कपात ३४. भावासारखी कपातही गुणाकाराने वाढते. २०१५ च्या मेळ्याच्या पहिल्या दिवशी विली मलिन्स या आयरिश ट्रेनरचे डूव्हान, अं द स्यू आणि फॉहीन हे तीन फेव्हरिट जिंकले. तिघांवरही जॉकी रूबी वॉल्श. चौथी त्यांचीच अ‍ॅनी पॉवर. असंख्य लोकांनी या चौघांची साखळी लावली होती. घोडी आघाडीवर होती आणि शेवटच्या हर्डलपाशी पडली. एका अडथळ्याने हजारो साखळ्या तुटल्या आणि बुकींचे फार मोठे देणे वाचले. याला नशीब म्हणता येईल. पण चार फेव्हरिट एकत्र जिंकणे हेच मुळात दुर्मीळ, आणि त्या दुर्मीळपणाचे पुरते मोल साखळीत मिळत नाही.

पाचवी ‘ईच-वे’. अर्धे पैसे घोडा जिंकण्यावर आणि अर्धे तो पहिल्या तिघांत येण्यावर. समजा, एकास सोळा भावाच्या घोड्यावर दहा-दहा असे वीस पौंड लावले आणि क्रमांकाला भावाचा पाचवा हिस्सा मिळणार आहे. घोडा तिसरा आला, तर जिंकण्यावरचे दहा गेले. क्रमांकावरच्या दहांचे ३२ नफा व १० परत, म्हणजे ४२ आले. निव्वळ लाभ २२. येथे विचाराला थोडी जागा आहे. क्रमांकाच्या अटी नियमाने ठरलेल्या असतात. घोडे आठ असोत की पंधरा, बहुधा तीनच क्रमांक. म्हणून नेमके आठच घोडे धावत असतील आणि एकच फेव्हरिट फार बलवान असेल, तर क्रमांकाचा भाव लावणाऱ्याला पुष्कळदा रास्त पडतो, आणि बुकींना अशी शर्यत आवडत नाही. मेळ्याच्या दिवसांत काही पेढ्या ‘आम्ही पाच क्रमांकांना पैसे देऊ’ अशी जाहिरात करतात. त्या वेळी पाचव्या हिस्स्याऐवजी सहावा किंवा आठवा तर दिला जात नाही ना, आणि मूळ भावच खाली आणलेला नाही ना, हे पाहावे. करारातले एक कलम सुधारले की दुसरे कोणते बिघडले ते पाहण्याची सवय आम्हाला वाटाघाटीच्या टेबलावर लागली; ती येथेही उपयोगी आहे.

सहावी पद्धत आगाऊ पैजेची. हिवाळ्यातच मार्चच्या शर्यतीवर लावले तर भाव चढा मिळतो. परंतु घोडा लंगडला, आजारी पडला किंवा मालकाने त्याला दुसऱ्याच शर्यतीत उतरवले, तर साधारण नियमाने पैसे बुडतात. मेळा जवळ आला की ‘घोडा न धावल्यास पैसे परत’ अशी अट मिळू लागते, आणि भाव उतरतो. चढा भाव म्हणजे उदारपणा नव्हे. घोड्याच्या तब्येतीची जोखीम तुमच्या डोक्यावर घातल्याची ती किंमत आहे.

मग अभ्यासाचे काय? अभ्यासाला किंमत आहे, आणि ती आम्ही नाकारत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये शर्यतीवरची पैज हा कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. चेल्टनहॅमपुरते बोलायचे तर जमिनीची ओल, चढणीवर टिकण्याची ताकद, पूर्वी याच मैदानावर केलेली कामगिरी या गोष्टी खरोखर महत्त्वाच्या. आयरिश घोड्यांचे अलीकडचे वर्चस्व दुर्लक्षून चालत नाही. २०२१ मध्ये २८ पैकी २३ शर्यती त्यांनी जिंकल्या. हँडिकॅप शर्यतीत प्रत्येक घोड्यावर त्याच्या कुवतीप्रमाणे वजन चढवून सर्वांना एका पातळीवर आणलेले असते, आणि वीस-बावीस घोडे धावतात. तेथे खात्रीची भाषा करणाऱ्याच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. पण मुद्दा असा, की तुम्ही जे वाचता ते बुकीनेही वाचलेले असते. तुमचे ज्ञान खरे असून भागत नाही. ते भावात अजून न उतरलेले असावे लागते.

१९५६ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतल्या जॉन केली या शास्त्रज्ञाने किती पैसे लावावेत याचे एक सूत्र मांडले. ते समजायला सोपे आहे. एकास चार भाव असलेला घोडा पाचांत एकदा जिंकतो असे भाव सांगतो. तुमच्या अभ्यासाने तो चारांत एकदा जिंकणारा असेल, तर शंभर पौंड लावल्यास सरासरी २५ नफा पडेल. या नफ्याच्या शेकड्याला भावाच्या चाराने भागा : सव्वासहा. म्हणजे जवळ असलेल्या रकमेच्या सव्वासहा टक्के लावा. आणि तुमचाही अंदाज पाचांत एक असाच असेल तर? नफा शून्य, म्हणून सूत्र सांगते : काहीही लावू नका. साऱ्या पद्धतींत प्रामाणिक अशी ही एकच, कारण हिच्या उत्तरांत ‘लावू नका’ हेही एक उत्तर आहे, आणि तेच बहुतेक वेळा येते. पण चारांत एक की पाचांत एक, हा बारीक फरक तुम्ही ठरवणार कशाने? सारे कौशल्य त्या एका फरकात आहे, आणि तो ओळखणारे फार थोडे.

जे ओळखतात, त्यांचे काय होते? इंग्लंडमध्ये सातत्याने जिंकणाऱ्या गिऱ्हाइकाच्या डावावर पेढ्या मर्यादा घालतात. शंभर लावू पाहणाऱ्याला दोन-चार पौंडांवर आणून ठेवतात. हरणाऱ्याला मात्र आग्रहाची निमंत्रणे व फुकट डाव मिळतात. कौशल्याचा खेळ म्हणायचे आणि कौशल्य दिसताच दार लावून घ्यायचे, असा हा न्याय आहे.

या न्यायाला इतिहासही आहे. १९०६ च्या कायद्याने इंग्लंडात रस्त्यावर रोख पैज घेणे गुन्हा ठरवले. उधारीवर खाते असलेला श्रीमंत घरबसल्या पैज लावू शके. मजुराला मात्र गिरणीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या बुकीच्या माणसाकडे चोरून चिठ्ठी द्यावी लागे. १९६१ च्या मे महिन्यात पैजेची दुकाने कायदेशीर झाली तेव्हा हा भेद मिटला. आपल्या गिरणगावाने न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या भावावर लागणारा आकडा पाहिला, नंतर मटका पाहिला. आज दुकान खिशातल्या फोनमध्ये आले आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण मनातल्या ‘हमखास पद्धती’वर कोणता कायदा बंदी घालणार? तिच्यावर हिशेब हाच उपाय.

आमचा धंदा उपदेशाचा नाही. चेल्टनहॅमचा घोडा शेवटच्या चढणीवर येताना पाहणे हा मोठा आनंद आहे, आणि त्या आनंदाला कोणी चार पैसे मोजले तर आम्ही नाक मुरडणार नाही. नाटकाच्या तिकिटालाही आपण पैसे मोजतोच, आणि ते परत येतील अशी आशा धरत नाही. म्हणून ज्याला लावायचेच आहे त्याला आम्ही एवढेच सांगू. मेळ्यापूर्वी रक्कम ठरवा, ती भाडे, फी आणि हप्ता बाजूला काढून उरलेल्यातली असू द्या, आणि ती गेलीच असे समजा. २८ शर्यतींपैकी बहुतेक सोडून द्या. एकाच घोड्याला एकीकडे एकास पाच आणि दुसरीकडे एकास सहा भाव असेल तर सहाच घ्या. दहा पौंडांमागे दहाचा हा फरक साऱ्या टिप्सपेक्षा खात्रीचा. हरलेले त्याच दिवशी भरून काढायला जाऊ नका. उसने घेऊन लावू नका. आणि प्रत्येक डाव, जिंकलेला व हरलेला, वहीत लिहा. आठवण जिंकलेले तेवढे ठेवते, वही दोन्ही ठेवते.

पगारातून पतपेढीची कपात वाढत जाते, उचलीवर उचल होते, आणि घरी त्याचे कारण ठाऊक नसते, असे संसार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ही माणसे आळशी नव्हती, मूर्खही नव्हती. पुढच्या शर्यतीत आपली पद्धत लागू पडेल, एवढाच त्यांचा विश्वास होता. त्यांना कोणी भावांची बेरीज करायला शिकवले नव्हते. ती आठ आकड्यांची बेरीज आज येथे आपण मिळून केली. घरी गेल्यावर ती मुलांकडून एकदा करून घ्या. शंभराच्या वरचा आकडा कोणाच्या खिशात जातो हे त्यांनाही कळेल.